परतीचा मेमो

बँकेत असताना चेक परत करायची वेळ आली की हात जड व्हायचा. तरी परतताना सोबत मेमो जोडायचा आणि कारणावर खूण करायची: शिल्लक अपुरी, सही जुळत नाही. चेक गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकून देणे कोणालाच परवडले नसते.

हे आठवले ते आमच्या निवृत्त कर्मचारी संघटनेच्या ई-मेलमुळे. रोज लॉटरीची नि औषधांची शेकडो पत्रे येत. हा उपद्रव जुनाच. १९७८ साली अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात धाडली, तेव्हापासूनचा. माझ्या पुतण्याने संघटनेच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स बसवले. वीत्स वेनेमा यांनी लिहिलेले हे सॉफ्टवेअर १९९८ पासून फुकट मिळते. जोडीला स्पॅमअ‍ॅसॅसिन, म्हणजे संशयास्पद खुणांना गुण देणारा परीक्षक. ५ गुण झाले की पत्र स्पॅम, ही त्याची मूळची रेघ.

मी म्हटले, "५ कशाला? ३ कर. आणि सरळ पुसून टाक."

"काका, खरी पत्रेही जातील," तो म्हणाला. पण माझ्यातला साहेब अजून निवृत्त झाला नव्हता.

दोन महिन्यांनी एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीचा फोन आला. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी त्यांनी तीनदा लिहिले होते. "भाऊजी, उत्तर नाही, म्हणून वाटले, हे गेले तसे आम्हीही तुमच्या यादीतून गेलो." तिन्ही पत्रे आमच्या सर्व्हरने गिळली होती. त्यांच्याकडे मात्र ती पोहोचल्यासारखीच दिसत होती.

त्या रात्री पुतण्याने सगळी मांडणी बदलली. अनोळखी सर्व्हरला आधी 'थोड्या वेळाने या' असे सांगायचे. खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅम ओतणारी पुष्कळ यंत्रे येत नाहीत. रेघ परत ५ वर. गुण फारच चढले तर पत्र दारातच नाकारायचे, आत घेऊन फेकायचे नाही. मग पाठवणाऱ्याचा सर्व्हर त्याला कारणासह कळवतो. आमचा जुना मेमोच तो! मधल्या गुणांची पत्रे वेगळ्या कप्प्यात.

तो कप्पा रोज सकाळी चहाबरोबर मी उघडतो. बहुतेक कचराच असतो. गेल्या सोमवारी त्यातून एक खरे पत्र निघाले. वहिनींचेच होते. पेन्शन सुरू झाल्याचे त्यांनी कळवले होते.