मट नावाचं अर्धवट यंत्र

मट हा ईमेलचा प्रोग्राम, पण त्यात ईमेल लिहायची धड सोय नाही. नवं पत्र म्हटलं की तो विमसारखा एखादा एडिटर उघडून देतो आणि बाजूला होतो. डाक उतरवून आपल्या डिस्कवर ठेवायला एमबीसिंक वेगळं, पाठवायला एमएसएमटीपी वेगळं, एचटीएमएल मेलमधून नुसता मजकूर गाळून काढायला लिंक्स वेगळं. डाक आणण्याचं आयमॅप आणि पाठवण्याचं एसएमटीपी पुढे मटमध्येच आले, तरी मुरलेली मंडळी ही कामं बाहेरच ठेवतात. माऊस लागत नाही, चित्रं दिसत नाहीत. इकडे मोर्शीत कोणी पडद्यात डोकावलंच तर विचारणार, "काहून भाऊ, हे काय काळं-काळं उघडून बसले?"

मायकल एल्किन्स यांनी मट पहिल्यांदा बाहेर काढला 1995 मध्ये. त्याआधी 1986 पासून डेव्ह टेलर यांचा एल्म होता, 1989 पासून वॉशिंग्टन विद्यापीठाचा पाईन. आपल्याकडे मेलची सुरुवात झाली ती मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत. 1986–87 च्या सुमारास तिथून पवईच्या आयआयटीशी साध्या टेलिफोन लाईनवर मेलची देवाणघेवाण सुरू झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमकडून. त्यातलं स्वस्त खातं म्हणजे शेल अकाउंट. मोडेमची किरकिर संपली की काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायची, आणि मेलसाठी पाईन. त्या पिढीच्या कित्येक मराठी विद्यार्थ्यांनी पहिला मेल असाच पाठवला. मट हा पाईनपेक्षा हट्टी. पाईन खाली कळांची यादी लावून वाट दाखवायचा, मट म्हणतो, तुझ्या कळा तूच ठरव.

त्या ठरवायच्या एका साध्या मजकुराच्या फाईलीत. तिचं नाव मटआरसी, आणि माझ्या मते खरा प्रोग्राम तीच. तालुक्याच्या गावी वीज गेली की राऊटरही गेला. पण डाक आधीच उतरवून ठेवलेली असली तर लॅपटॉपच्या बॅटरीवर वाचता येते, उत्तरं लिहून रांगेत लावता येतात. हे सगळं जुळवतात त्या फाईलीतल्या चार ओळी. लॅपटॉप बदलला तरी ती फाईल पेनड्राईव्हवरून नव्या मशीनवर टाकली की मटची घडी जशीच्या तशी.

नवशिक्याला भुरळ पडते ती मॅक्रोची. 'बाइंड' एका कळेला एकच काम जोडतं. 'मॅक्रो' एका कळेमागे कामांची अख्खी माळ लावतो. उदाहरणार्थ, संत्र्याच्या दरांचे मेल एका कळेत 'संत्रा' फोल्डरमध्ये जावेत असं हवं असेल, तर माळ अशी: मेल साठव, फोल्डरचं नाव टाइप कर, एंटर. पहिल्याच दिवशी ती अडते. मट विचारतो, या फोल्डरमध्ये भर घालू का? मॅक्रोला विचारणं-बिचारणं कळत नाही. एंटरच्या पुढे आणखी कळा लावल्या असतील तर तो त्या दाबत राहतो आणि त्यातली पहिली कळ मट त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून गिळतो. नशीब असेल तर काही होत नाही, नसेल तर मेल भलतीकडेच. उपाय म्हणजे 'कन्फर्म-अपेंड' ही सेटिंग बंद करणं. दुसरी खबरदारी अशी की माळेत नुसतं 'एस' अक्षर लिहू नये, कंसात कामाचं पूर्ण नाव लिहावं, सेव्ह-मेसेज. उद्या 'एस' कळ दुसऱ्या कामाला लावली तरी मॅक्रो शाबूत राहतो.

हे सगळं छान, पण मॅक्रोमुळे वाचतात त्या चार-दोन कळा. खरी करामत हूकची. हूक म्हणजे आधीच सांगून ठेवलेली अट. 'संत्रा' फोल्डर उघडलं तर मेल तारखेनं लाव, बाकी सगळीकडे संभाषणानं, हा फोल्डर-हूक. व्यापाऱ्याला पत्र असेल तर खाली मराठी सही, पुण्याच्या कंपनीला असेल तर इंग्रजी, हा सेंड-हूक. इथे एक मेख आहे, आणि ती कळेपर्यंत माणूस चक्रावतो. हूकनं बदललेली सेटिंग आपोआप जुन्यावर येत नाही. एकदा व्यापाऱ्याला लिहिलं की नंतर आत्याबाईला लिहिलेल्या पत्राखालीही व्यापाऱ्याचीच सही. म्हणून सगळ्यांत वर एक सरसकट हूक ठेवायचा, तो दर पत्राला सही आधी पुसून टाकतो. विशेष हूक त्याखाली. मट ते वरून खाली वाचतो, त्यामुळे क्रम चुकला की सगळंच मुसळ केरात. मेल येण्याआधी आपला समोरच्याशी व्यवहार काय, हे मट लिहून मागतो. दिवसाला पाच मेल येणाऱ्यानं या भानगडीत पडू नये. ज्याच्या पेटीत संत्र्याच्या आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांचे सौदे, हिशेब आणि बिलं एकत्र येऊन पडतात, त्यानं जरूर पडावं.

देवनागरीचं मात्र वेगळं दुखणं आहे. मेलचा विषय वाटेत संकेतांत गुंडाळलेला असतो. मट तो नीट उलगडतो, यंत्रणा यूटीएफ-8 वर असली की झालं. घोळ पुढे, टर्मिनलमध्ये. तिथे अक्षरं चौकटीत मोजून बसवतात, आणि आपली जोडाक्षरं चौकटीत राहायला तयार नसतात. काही टर्मिनलमध्ये 'क्ष' चे क आणि ष सुटे पडतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, शेजारचा रकाना सरकतो. यात मटचा हात नाही. टर्मिनल बदलून पाहावं.

त्याहून वाईट म्हणजे कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करून चिकटवलेला मजकूर. तो मराठी दिसतो फक्त त्या फॉन्टमध्ये. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि मेलही स्वतःला साधा इंग्रजीच म्हणवतो. कुठलीही संकेत-सेटिंग तिथे उपयोगी पडत नाही. मटमध्ये 'डिस्प्ले-फिल्टर' नावाची जागा आहे, मेल दाखवण्याआधी तो आपण दिलेल्या स्क्रिप्टमधून काढायची. फॉन्टचं युनिकोड करणारी स्क्रिप्ट तिथे लावायची, आणि मेसेज-हूकनं सांगायचं, ती फक्त या पाठवणाऱ्यांच्या मेलला. सरसकट लावली तर चांगल्या इंग्रजी मेलचंही भलतंच मराठी होतं.