चहाच्या कपातले पिल्लू

दिवाळीनंतरच्या थंडीतली गोष्ट. सकाळी सातलाच बदनापुरातले एक गृहस्थ टॉवेलात गुंडाळलेले पिल्लू घेऊन माझ्या दारात उभे. पॉमेरेनियनची मादी, जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. शहरातून आणून दोनच दिवस झाले होते. "डॉक्टरसाहेब, रात्री खेळत होतं, आता मानच धरत नाही." अंग गार, हिरड्या पांढऱ्या, मधूनच झटका. विकणाऱ्याने 'टीकप' जात म्हणून दुप्पट पैसे घेतले होते.

वाचकहो, टीकप नावाची जातच नाही. ते विक्रीचे नाव आहे. पूर्वी पॉमेरेनियन चांगले थोराड असे. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली इटलीत घेतलेला मार्को सुमारे साडेपाच किलोचा होता, आणि तिच्यामुळेच लहान कुत्र्यांची हौस वाढली. आज अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात या जातीचे वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो आहे. त्याच्याही खाली जायचे तर वेतातली सर्वांत मरतुकडी पिल्ले मोठी करून एकमेकांशी फळवतात. काही जण तर पिल्लू आईपासून लवकर तोडून त्याचे वय वाढवून सांगतात.

या पिल्लाची रक्तातली साखर उतरली होती. एवढ्याशा यकृतात साठा तो किती? रात्रभर पोट रिकामे, त्यात गारठा. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळावा, ऊब द्यावी आणि डॉक्टर गाठावा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. शिरेतून साखर दिल्यावर दुपारी ते उभे राहिले. पुढे दर तीन-चार तासांनी खाणे सांगितले. टाळू मात्र भरलेली नव्हती. अतिलहान पिल्लांत हे आढळते. गुडघ्याची वाटी सरकणे आणि श्वासनलिका दबणे हेही.

जाताना गृहस्थ म्हणाले, "मादी आहे, वर्षाने पिल्ले घेऊ, पैसे वसूल होतील." मी स्पष्ट नाही म्हणालो. लहान मादीच्या पोटी एक-दोनच पिल्ले असतात, ती मोठी होतात आणि अरुंद कमरेत डोके अडकते. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर येत नसेल तर थांबायचे नसते, आणि रात्री दोन वाजता पोट फाडून पिल्ले काढायची सोय तालुक्याच्या गावी कुठली? म्हणून जाणकार मंडळी मादी मानकातल्या वरच्या वजनाची निवडतात, नर तिच्याएवढा किंवा थोडा लहान.

केंद्र सरकारचे २०१७ चे नियमही आहेत. १८ महिन्यांपूर्वी मादी फळवायची नाही, वर्षात एकच वेत, जन्मात पाचांहून जास्त नाहीत, आणि ८ आठवड्यांखालचे पिल्लू विकायचे नाही. पिल्लू घेताना विकणाऱ्याची राज्य मंडळाकडची नोंदणी पाहावी आणि आई दाखवायला सांगावे. आई दाखवीत नसेल तर सरळ घरी यावे.

त्या मादीचे गेल्या महिन्यात वजन केले: १ किलो २०० ग्रॅम. गृहस्थांनी पिल्लांचा नाद सोडला आहे. आता फक्त दुधाचे दोन दात पडलेले नाहीत, ते पुढच्या आठवड्यात काढायचे आहेत.