उतरलेला सेल

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात 'बॅटरी' म्हणजे टॉर्च आणि तिच्यात घालायचा तो सेल. दुकानात 'बॅटरी द्या' म्हणालात तर दुकानदार टॉर्च पुढे ठेवील. सेल मागितलात तर विचारील, जाडे की पेन्सिल? पेन्सिल म्हटलं की, घड्याळाचा की रिमोटचा? यापलीकडे सेलची चौकशी होत नाही. पाव किलो शेव घेताना आपण आधी चाखून बघतो, सेल मात्र हातावर पडेल तो घेऊन निघतो.

आजोबांची तीन सेलची बॅटरी होती, चकचकीत, रेघारेघांच्या नळीची. तालुका केळी-कापसाचा. शेतीच्या विजेची रात्रपाळी आली की मध्यरात्री उठून मोटार सुरू करायला जायचं. सातपुड्याकडच्या शिवारात बिबट्याची धास्ती, बाकी सगळीकडे सापाची. म्हणून बॅटरी कायम उशाशी. उजेड पिवळा पडला की ओसरीवरून आरोळी यायची, "सेल उतरी गयात!" मग ते सेल दुसऱ्या दिवशी पत्र्यावर उन्हात वाळायला. संध्याकाळी खरोखरच थोडा उजेड परत यायचा.

आजोबा गेले आणि बॅटरी माळ्यावर गेली, सेलांसकट. सात-आठ वर्षांनी आठवण म्हणून खाली काढली तर बुडाचं झाकण फिरेना. पकडीनं फिरवलं. आत तिन्ही सेल फुगून नळीला घट्ट बसलेले, तपकिरी चिकट राड, स्प्रिंगचा भुगा. शेवटी भंगारवाल्यानं ती किलोच्या भावात नेली. त्या दिवशी मी सेल बनवणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पुढे सेलच्या पोटात काय चालतं ते समजून घेतलं आणि निम्म्या शिव्या मागे घेतल्या.

साध्या सेलचं मूळ फ्रेंच आहे. जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच माणसानं १८६६ मध्ये काचेच्या बरणीत नवसागराचं द्रावण, जस्त, कार्बन आणि मँगनीज डायॉक्साइड घालून वीज मिळवली. ती बरणी हलवली की सांडायची. कार्ल गासनर या जर्मन डॉक्टरनं १८८६ च्या सुमारास द्रावणाची लगदी केली आणि ती जस्ताच्या डब्यात भरली. कोरडा सेल म्हणतात तो हाच. खरी मेख त्या डब्यात आहे, कारण तो नुसता डबा नसतो. वीज देताना सेल जस्त खातो आणि जस्त म्हणजे तो डबाच. घागरीतलं पाणी प्यायचं आणि प्रत्येक घोटाबरोबर घागरही थोडी खायची, असा हा व्यवहार. सेल उतरत जातो तसा डबा झिजतो, एखाद्या जागी भोक पडतं आणि आतलं आम्लधर्मी पाणी वरचं वेष्टण भेदून बाहेर येतं. पत्र्यावरच्या उन्हानं आतली क्रिया थोडा वेळ जोर धरते, शिवाय नुसत्या विश्रांतीनंही सेल जरा सावरतो. आजोबांचा अनुभव खोटा नव्हता. पण आधीच झिजलेला डबा त्या उन्हात आणखी झिजायचा.

मग अल्कलाइन सेल आला. एव्हरेडीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ल्यूइस अरी या कॅनडाच्या अभियंत्यानं तो घडवला आणि १९५९ च्या सुमारास तो बाजारात आला. (लाल सेल विकणारी भारतातली एव्हरेडी कंपनी एके काळी युनियन कार्बाइड इंडिया होती, १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेची तीच. सेल घेताना हे किती जणांना आठवतं?) अल्कलाइनमध्ये जस्ताची पूड आत मधोमध असते आणि बाहेरचा डबा पोलादी, न झिजणारा. म्हणजे गळणं संपलं असं वाटावं. पण आतला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, चांगलाच दाहक. सेल पार उतरला की आत हायड्रोजन वायू साठतो, दाब वाढतो आणि तळाच्या सीलमधून द्रव बाहेर ढकलला जातो. हवेतल्या कार्बन डायॉक्साइडशी त्याची गाठ पडली की रिमोटच्या स्प्रिंगवर दिसते ती पांढरी बुरशी तयार होते. हा वायू आटोक्यात ठेवायला पूर्वी पारा घालत. १९९० च्या दशकात तो काढून टाकला गेला, आणि काढला ते योग्यच झालं. मात्र 'पूर्वीचे सेल इतके गळत नसत' ही तक्रार ऐकली की मला ती निव्वळ म्हातारपणची कुरकुर वाटत नाही.

म्हणून 'न गळणारी कंपनी कोणती' या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: साध्या आणि अल्कलाइन सेलांत तशी कोणतीच नाही. चांगल्या कंपनीचा सेल कमी वेळा गळतो, एवढाच फरक. सेल हा केळीसारखा नाशिवंत माल आहे. घड कधी उतरवला, कुठे ठेवला, कधी खपवला यावर केळी टिकते, हे चोपड्याच्या माणसाला सांगायला नको. सेलकडे मात्र तो खिळ्या-मोळ्यासारखा बघतो.

विकत घेताना बारीक अक्षरं वाचा. पेन्सिल सेलवर 'आर६' असेल तर तो साधा, 'एलआर६' असेल तर अल्कलाइन. त्या 'एल'चाच भाव जास्त असतो. रिमोटच्या बारीक सेलवर 'आर०३' किंवा 'एलआर०३', जाड्यावर 'आर२०' किंवा 'एलआर२०'. नुसतं 'हेवी ड्यूटी' किंवा 'सुपर' लिहिलेला सेल बहुतेक वेळा साधाच निघतो. आठवडे बाजारात सुटे मिळणारे, तारीख नसलेले सेल फुकट दिले तरी घेऊ नका. शंका असेल तर वजन करा: अल्कलाइन पेन्सिल सेल २३ ग्रॅमच्या आसपास भरतो, साधा त्याहून बराच हलका. सोन्यासाठी नावाजलेल्या जळगाव जिल्ह्यात बारीक काट्याची काय कमतरता!

अल्कलाइन सेल नवा की वापरलेला हे ओळखायची एक गंमत आहे. सपाट बूड खाली करून तो बोटभर उंचीवरून फरशीवर सोडा. नवा सेल धप्पकन बसतो, वापरलेला टुणकन उडतो, कारण आतली जस्ताची लगदी घट्ट होत गेलेली असते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे मोजून पाहिलं. त्यांना आढळलं की सेल साधारण निम्मा संपेपर्यंतच उसळी पूर्ण वाढलेली असते. म्हणजे उडणारा सेल नवा नाही एवढं कळतं, मेलेला आहे असं मात्र म्हणता येत नाही. साध्या सेलवर ही युक्ती चालत नाही.

तारीख बघाच, पण खानदेशात तारखेइतकीच जागाही बघावी लागते. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. रस्त्याकडेच्या काचेच्या कपाटात उन्हाळाभर तापलेला सेल छापील तारखेपर्यंत टिकेल हा भरवसा धरू नका. कारखान्यानं ती तारीख असल्या उन्हासाठी छापलेली नसते. आतल्या थंड फळीवरचा माल मागा. घरातही सेल माळ्यावर, पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. खालच्या कप्प्यात, मूळ पाकिटात ठेवलेले बरे. सुटे सेल चिल्लरीत किंवा किल्ल्यांत टाकले तर दोन्ही टोकं जोडली जाऊन तापतात.

भिंतीवरच्या घड्याळाला ताज्या तारखेचा साधा सेल पुरतो, फक्त दर पाडव्याला घड्याळ चालू असलं तरी तो बदलायचा. बंद पडेपर्यंत वाट बघितली की गळतीला आमंत्रण. रक्तदाब मोजायचं यंत्र, मुलांची खेळणी, रोजची बॅटरी यांना पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. सान्योनं २००५ मध्ये एनेलूप आणला तेव्हापासून ठेवल्या जागी लवकर न उतरणारे असे सेल मिळू लागले. ते गळतातही फार क्वचित. त्यांचा दाब दीड व्होल्टऐवजी १.२ असतो, त्यामुळे एखादं उपकरण कुरकुरतं, तेवढं तपासा. वर्षातून दोनदाच लागणाऱ्या महागड्या यंत्राला लिथियमचे 'एफआर६' सेल उत्तम. महाग आहेत, पण कॅमेऱ्याचा फ्लॅश त्याहून महाग असतो. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर हा परिच्छेद संपायच्या आत उघडून बघा.

जुना आणि नवा सेल एकत्र घालणं ही आपल्या घरांतली सर्वांत सर्रास चूक. 'एकच गेलाय, एकच बदल.' तीन सेलच्या ओळीत एक कमजोर असला की बाकीचे दोघे त्याच्यातून प्रवाह रेटतात, तो उलटा भरला जातो, वायू धरतो आणि फुटतो. बदलायचे तर सगळे, एकाच पाकिटातले.

गळलाच, तर घाबरू नका. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. अल्कलाइनची पांढरी बुरशी असेल तर कानकाडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, ती फसफसेल. मग किंचित ओल्या कापडानं आणि शेवटी कोरड्यानं. साध्या सेलची तपकिरी राड असेल तर लिंबाऐवजी खाण्याच्या सोड्याचं पाणी. गंजलेल्या स्प्रिंगवर बारीक पॉलिश पेपर फिरवा. पुष्कळ रिमोट एवढ्यानं पुन्हा चालू लागतात.

मेलेले सेल आम्ही लहानपणी फोडायचो. आतल्या कार्बनच्या कांडीनं फरशीवर रेघा ओढायच्या आणि काळ्या मसाल्यानं हात माखायचे. आता मुलांना तसं करू देऊ नका, चुलीत तर अजिबात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले सेल परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या गल्लीत अजून तरी तशी पेटी दिसलेली नाही, म्हणून मी ते बरणीत साठवतो आणि जळगावला फेरी झाली की ई-कचरा घेणाऱ्याकडे देतो. बटणासारखे चपटे सेल मात्र बरणीतही उघडे ठेवू नयेत, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी. मुलानं असा सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत भाजू शकतो. अशा वेळी उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ दवाखाना गाठा.

आणि असा चपटा सेल दिवाळीत तुमच्या उंबऱ्यावरच असतो, पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पणतीत. तुळशीचं लग्न लागलं की त्या पणत्या, सेलवरच्या दिव्यांच्या माळा, आकाशकंदिलातली डबी, सगळं खोक्यात बांधून माळ्यावर जातं. बांधण्याआधी प्रत्येकातला सेल काढा. आणि वर चढलाच आहात तर कोपऱ्यात तुमच्या आजोबांची बॅटरी आहे का तेही बघा. तिचं झाकण अजून फिरत असेल.