टोफूचा कस दाण्यातच

सोयाबीनचा बाजार भरतो तो मुख्यतः तेलासाठी. लातूर, वाशीमसारख्या पेठांत आडतीवर आलेल्या मालाचा भाव ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणा पाहून ठरतो. टोफूच्या व्यवसायात उतरणाऱ्यास मात्र एवढी पारख पुरत नाही. त्याची खरेदी चुकली, तर तोटा वजनकाट्यावर नव्हे, साच्यात दिसतो.

सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. टोफू जमतो तो प्रथिनांच्या बळावर. त्यांत ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन ही दोन प्रमुख होत. पहिल्याचे प्रमाण अधिक असल्यास टोफू घट्ट होतो; दुसऱ्याचे अधिक असल्यास मऊ राहतो. म्हणूनच प्रथिनांची टक्केवारी समान असलेल्या दोन वाणांचा टोफू सारखा उतरेलच असे नाही.

दाण्याचे रूपही पाहावे लागते. टपोऱ्या, पातळ सालीच्या आणि फिकट नाभीच्या दाण्याचे दूध स्वच्छ रंगाचे निघते. भिजूनही टणक राहणारा गणंग दाणा नीट वाटला जात नाही आणि त्यातील प्रथिने चोथ्याबरोबर वाया जातात.

व्यापाऱ्याने विशेष जपावे ते साठवणीला. उष्ण व दमट गोदामात प्रथिनांची विद्राव्यता घटते. उतारा कमी पडतो आणि टोफूचा पोतही बिघडतो. तेजीची वाट पाहत पावसाळाभर ठेवलेला माल तेलाच्या गिरणीत खपेलही, टोफूसाठी तो उणा ठरतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आत राखल्यास बुरशी व जीवोत्पत्तीही रोखली जाते. येथे व्यवहार आणि अहिंसा यांचा मार्ग एकच होतो.

सोयाबीनचा उग्र वास प्रामुख्याने लायपॉक्सिजिनेज या विकरामुळे येतो, तर ट्रिप्सिन-रोधक घटक पचनात बाधा आणतात. त्यासाठी दूध पुरेसे उकळणे अगत्याचे असते. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हा कुनिट्झ ट्रिप्सिन-रोधक नसलेला वाण विकसित केला आहे.

टोफू कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइडने साकळतो; प्राणिज रेनेटची त्याला गरज नसते. दह्याचाही वापर टाळता येत असल्याने द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांची अडचण होत नाही. मात्र साकळणारे द्रव्य कितीही चोख असले, तरी दाण्यातली उणीव ते भरून काढू शकत नाही. वाण आणि हंगाम यांनुसार माल वेगळा ठेवणे, ही या धंद्याची पहिली शिस्त होय.