सिंगापूरमधील स्थापत्य अभियांत्रिकी : पदवी आणि सहीचा अधिकार

बारावीचा निकाल लागला की येथील मराठी कुटुंबांकडे महाराष्ट्रातील नातलगांची विचारणा सुरू होते. बहुतेकांचा ओढा संगणकशास्त्राकडे असतो. स्थापत्य अभियांत्रिकीविषयी विचारणारा विरळाच. जो विचारतो त्याला विद्यापीठांची नावे सहज मिळतात. पदवीनंतर काय, हे मात्र क्वचितच कुणी सांगते.

नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर आणि नान्यांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी येथे हा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. संरचना, जलशास्त्र, वाहतूक हे विषय पुण्यात किंवा सांगलीतही शिकवले जातात. फरक जाणवतो तो मातीच्या विषयात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात पाया म्हणजे मुरूम, आणि त्याखाली काळा कातळ. येथे कालांग खोऱ्यात आणि भराव घातलेल्या किनाऱ्यालगत मऊ सागरी चिकणमाती आहे, काही ठिकाणी तीस मीटरपेक्षाही जाड. तिच्यातून बोगदे, तळघरे आणि भुयारी रेल्वे न्यायची असते. त्यामुळे भूतंत्र अभियांत्रिकी येथे ऐच्छिक विषयासारखी उरकून चालत नाही.

२० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेलगत सर्कल लाइनसाठी सुरू असलेले खोदकाम कोसळले आणि चार जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एकाचा देह कधीच सापडला नाही. चौकशीत दोन दोष ठळकपणे पुढे आले. संगणकीय प्रतिमानात चिकणमातीची ताकद प्रत्यक्षापेक्षा अधिक गृहीत धरली गेली होती, आणि भिंतींना आधार देणाऱ्या पोलादी आडव्या टेकूंचे जोड अपुरे होते. भिंती सरकत असल्याच्या नोंदी उपकरणे देत होती, त्यांची दखल पुरेशी घेतली गेली नाही. आज सहा मीटरपेक्षा खोल खोदकामासाठी भूतंत्रातील विशेष नोंदणी असलेला अभियंता लागतो, तो या घटनेमुळेच.

त्याआधीची दुर्घटना तर आपल्या ओळखीच्या रस्त्यावरची. सेरांगून रोडवर, मुस्तफापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हॉटेल न्यू वर्ल्डची सहा मजली इमारत होती. १५ मार्च १९८६ रोजी ती मिनिटभरात जमीनदोस्त झाली. ३३ जण गेले, १७ जणांना ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढण्यात आले. आकडेमोडीत इमारतीचे स्वतःचे वजनच धरलेले नव्हते. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जी गोष्ट विसरणार नाही, ती आराखड्यातून निसटली आणि इमारत पंधरा वर्षे उभी राहिली! १९८९ च्या इमारत नियंत्रण कायद्याने मोठ्या इमारतींचा आराखडा दुसऱ्या, स्वतंत्र अभियंत्याकडून तपासून घेणे बंधनकारक केले.

म्हणूनच येथे आराखड्यावर सही करण्याचा अधिकार केवळ पदवीने मिळत नाही. प्रोफेशनल इंजिनीअर्स बोर्डाकडे नोंदणीसाठी मान्य पदवी, किमान चार वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि मंडळाच्या परीक्षा लागतात. भारतात असा देशव्यापी परवाना नाही. संरचना अभियंत्याला परवाना साधारणतः महापालिका देते. संहिताही वेगळ्या. एप्रिल २०१५ पासून सिंगापूरमध्ये युरोकोड अनिवार्य आहेत, आपल्याकडे काँक्रीटसाठी आयएस ४५६ चालते. परतणाऱ्याला हे सारे नव्याने हाताळावे लागते. दिलासा इतकाच, की वॉशिंग्टन करारात सिंगापूर २००६ पासून आणि भारत २०१४ पासून आहे, त्यामुळे अधिस्वीकृत पदव्यांना परस्परांकडे शैक्षणिक समकक्षतेचा आधार मिळतो. परवाना मात्र त्यातून मिळत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. शिक्षण मंत्रालयाचे शुल्क अनुदान घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर तीन वर्षे सिंगापूरमध्ये नोंदलेल्या कंपनीत काम करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. घरोघरी याकडे ओझे म्हणून पाहिले जाते. स्थापत्याच्या विद्यार्थ्याने मात्र हिशेब वेगळा मांडावा: बंधपत्र तीन वर्षांचे, नोंदणीसाठीचा अनुभव चार वर्षांचा. तीन वर्षे मोजून जो विमानात बसतो, तो सहीच्या अधिकाराला एक वर्ष कमी पडलेला असतो. मुलाला कुठे स्थायिक व्हायचे आहे, ही चर्चा म्हणूनच अनुदानाच्या करारावर सही करण्यापूर्वी व्हायला हवी.