छापील प्रतीमागचे दप्तर

चित्रपुस्तके काढणाऱ्या लहान प्रकाशनसंस्थेचा, उदाहरणार्थ माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका प्रकाशित करणाऱ्या ज्योत्स्ना प्रकाशनाचा, विचार करताना छापील प्रतींइतकेच मोल पुस्तक घडतानाच्या साहित्याला द्यावे लागते. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठरावीक ग्रंथालयांना पाठवावी लागते. परंतु मूळ चित्रे, डमी, म्हणजे पानांची मांडणी ठरवणारी हाताने केलेली कच्ची प्रत, आणि ऑफसेट छपाईसाठी प्रत्येक रंगाची वेगळी काढलेली फिल्म यांना असे संरक्षण नाही. शाळांतील प्रती मुलांच्या हातांत झिजतात (आणि झिजाव्यातच); संगणकपूर्व काळातील पुस्तकाचे चांगले पुनर्मुद्रण मात्र प्रकाशकाच्या कपाटातील हे साहित्य ओल आणि वाळवी यांपासून किती वाचले, यावर अवलंबून राहते.