एक्स-रेमध्ये पू दिसत नाही

रात्रभर दाढ ठणकते, सकाळी गाल टम्म फुगलेला. दवाखान्यात एक्स-रे निघतो. डॉक्टर स्क्रीनवरच्या काळ्या डागावर बोट ठेवून म्हणतात, ‘हे बघा, मुळाशी इन्फेक्शन आहे.’ आपण मान डोलावतो आणि मनाशी ठरवून टाकतो, तो काळा डाग म्हणजे पू. दातांच्या एक्स-रेबद्दलचे निम्मेअधिक गैरसमज या एका समजुतीतून फुटतात.

पू एक्स-रेत दिसत नाही, जंतू तर नाहीतच. किरणांना अडवतात ती हाडातली आणि दातातली खनिजं. जिथे किरण अडले तिथे चित्र पांढरं, जिथे आरपार गेले तिथे काळं. कीड खोल जाऊन दाताची नस मेली की आतले जंतू आणि त्यांची विषारी द्रव्यं मुळाच्या टोकातून बाहेर झिरपतात. त्यांच्याशी झुंजताना शरीर तिथलं हाड विरघळवतं. काळा डाग म्हणजे हे गेलेलं हाड. भिंतीत मुरलेली ओल दिसत नाही, पोपडे पडले की कळते, तसंच हे.

पोपडे पडायला वेळ लागतो. म्हणूनच ‘एक्स-रे स्वच्छ आला, म्हणजे दात ठीक आहे’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. 1961 साली अमेरिकेतल्या बेंडर आणि सेल्टझर या दंतसंशोधकांनी मृतदेहांच्या जबड्यांत मुद्दाम खड्डे पाडून एक्स-रे काढले. आतल्या जाळीदार हाडात केलेले खड्डे चित्रात दिसेनात. बाहेरच्या कठीण कवचाला धक्का लागला, तेव्हाच ते उमटू लागले. साधारण 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय डाग दिसत नाही, असं दंतवैद्यकाच्या पुस्तकांत आजही सांगतात. त्यामुळे कालपरवा सुरू झालेलं गळू माणसाला झोपू देत नसतं आणि चित्र मात्र निर्मळ असतं. अशा वेळी डॉक्टर दातावर हलकेच ठोकतात, हिरडी दाबतात, बर्फासारखं गार काहीतरी टेकवतात. ‘एक्स-रे काढलाय ना, मग ठोकता कशाला?’ असं विचारणाऱ्या पेशंटला उत्तर एवढंच, की नस जिवंत आहे का, हे फोटोला कळत नाही.

उलटही होतं. प्रत्येक काळा डाग इन्फेक्शनचा नसतो. खालच्या उपदाढांजवळ जबड्याला एक नैसर्गिक भोक असतं, त्यातून ओठाकडे जाणारी चेतातंतूची दोरी बाहेर पडते. मुळाच्या टोकावर त्याची सावली पडली की हुबेहूब गळू वाटतं. मध्यमवयीन बायकांच्या खालच्या पुढच्या दातांशी कधीकधी हाडाचा एक निरुपद्रवी बदल होतो. सुरुवातीला तोही काळाच दिसतो, पण दात धडधाकट असतात. गार लावून न बघता तिथे रूट कॅनाल करणं म्हणजे चांगला दात पोखरणं. आणि गाठ पाण्याची आहे की नुसत्या सुजेची, हेही फोटोवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यासाठी तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीच जावा लागतो.

रूट कॅनाल झाल्यावर सहा महिन्यांनी डाग दिसला, म्हणून काम फसलं असंही समजू नका. हाड सावकाश भरतं. वर्षभराने पहिली तपासणी करावी आणि गरज पडली तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावं, असा युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला आहे. डाग आक्रसतोय ना, एवढं बघायचं.

‘दुखायचं थांबलं, आता कशाला फोटो?’ हेही घरोघरी ऐकू येतं. दुखणं थांबतं ते बऱ्याचदा नस मेली म्हणून. मग हिरडीवर एक पुळी येते, फुटते, खारट चव येते, पुन्हा भरते. वाट मिळाल्याने ठणका नसतो, आत हाड मात्र झिजत राहतं. या पुळीतून डॉक्टर गट्टापर्चा या रबरासारख्या पदार्थाची बारीक काडी अलगद आत सरकवतात आणि एक्स-रे काढतात. काडीचं टोक नेमक्या दोषी मुळाशी जाऊन थांबलेलं दिसतं. तो दात कधीकधी पुळीच्या शेजारचा निघतो! अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी हे मिटत नाही, कारण मेलेल्या नसेत रक्तच पोहोचत नाही, मग औषध कुठून पोहोचणार?

मोठा फोटो तितका चांगला, हाही भ्रम. ओपीजी नावाच्या मोठ्या एक्स-रेत दोन्ही जबडे एकदम दिसतात, पण पुढच्या दातांवर मणक्याची सावली पडून ते धूसर होतात. एका दाताच्या मुळासाठी तोंडात सेन्सर ठेवून काढलेला छोटा एक्स-रेच बारकावा देतो. सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो तो अडलेल्या प्रकरणांत. उदाहरणार्थ, वरच्या दाढांची मुळं बऱ्याचदा सायनसला भिडलेली असतात. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव महिनोन्‌महिने येत असेल, तर त्याचं कारण दाढेतही असू शकतं, आणि ते या स्कॅनमध्ये सापडतं. मात्र धातूची कॅप असली की स्कॅनवर रेघोट्या उमटतात.

राहिली किरणांची भीती. 1896 मध्ये जर्मनीत दंतवैद्य ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा 25 मिनिटं लागली होती. आज सेकंदाचा अंश पुरतो. छोट्या एक्स-रेत साधारण 5 मायक्रोसिव्हर्ट किंवा त्याहून कमी किरण लागतात. माती, हवा, अन्न यांतून आपल्याला रोज सहा-सात मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात. सीबीसीटीचा आकडा मात्र काही दहांपासून काहीशे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातो, म्हणून तो सरसकट काढायचा नाही. गरोदरपणात डॉक्टरांना आधी सांगा, पण गरजेचा छोटा एक्स-रे टाळून गळू अंगावर काढू नका.

शेवटी एक विनंती. एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि फोनमध्ये तारखेसकट जपून ठेवा. दवाखाना बदललात तर ती आधी दाखवा. डाग वाढतोय की भरतोय, हे नवा फोटो जुन्याशेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.